रोहिणीचे पाणी आणि शाक्यांची मिरवणूक



रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात तंटा झाला, ही कथा आता आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक आहे. दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलीयांनी, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, अशी सिद्धार्थाची सूचना होती. संघाने ती बहुमताने फेटाळली व सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. येथे आपल्यापैकी बहुतेक जण ग्रंथ मिटतात.

परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुढची हकीकतही दिली आहे. सिद्धार्थ गेल्यावर कपिलवस्तूत युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहिली. स्त्री-पुरुष, मुले-मुली फलक घेऊन मिरवणुकीने निघाली आणि कोलीय आपले भाऊ आहेत असे सांगू लागली. शेवटी संघाला विचार बदलावा लागला. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी भेटले आणि पाणीवाटपाचा प्रत्येक तंटा सोडविण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले. युद्ध थांबविले ते सामान्य रयतेने. सेनापतीने नव्हे.

ही केवळ जुनी गोष्ट आहे काय? कंबोडियाकडे पाहा. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत तेथे लाखो माणसे मेली, भिक्षूंची चीवरे उतरविली गेली. महाघोसानंद हे भिक्षू आपल्या बिहारात नालंदा येथे शिकलेले. त्यांचे सारे कुटुंब त्या संहारात नष्ट झाले. १९९२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली निर्वासितांसह धम्मयात्रा निघाली, ती थायलंडच्या सरहद्दीवरून नोम पेन्हपर्यंत पायी. वाटेत अनेकांना कित्येक वर्षांनी आपले नातलग भेटले. गावोगावी लोक पाण्याच्या बादल्या घेऊन रस्त्याकडेला बसत. १९९४ च्या यात्रेत गोळीबारात एक भिक्षू व एक साध्वी ठार झाली. तरी १९९५ मध्ये लोक पुन्हा चालले. १९९६ ची यात्रा जंगलतोडीविरुद्ध होती आणि चालणाऱ्यांनी झाडे लावली. शांतियात्रेचा झाडांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे: लाकूड विकूनच दोन्ही पक्ष लढाईचा पैसा उभा करीत होते.

शेजारच्या थायलंडात १९८८ साली दक्षिणेकडे भयंकर पूर आले, बोडक्या डोंगरांवरून दरडी व ओंडके गावांवर कोसळले. १९८९ च्या जानेवारीत सरकारने व्यापारी वृक्षतोडीवर बंदी घातली. चोरटी तोड मात्र चालूच राहिली. उत्तरेकडील नान प्रांतात फ्राख्रू पितक या भिक्षूंनी १९९० मध्ये आपल्या गावच्या लोकांकडून सामाईक जंगल राखून ठेवविले व तेथील झाडाला चीवर गुंडाळले. पुढल्या वर्षी दहा गावांच्या मुखियांनी असेच चीवर गुंडाळलेल्या झाडासमोर पाणी पिऊन जंगल राखण्याची शपथ घेतली.

आता आपल्या मनात शंका येणारच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण कर्मकांड सोडले; मग झाडाला चीवर नेसविणे ही वृक्षपूजाच नव्हे काय? उपसंपदा माणसालाच मिळते, हे त्या भिक्षूंना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. चीवर घातलेल्या झाडावर कुऱ्हाड टाकताना माणूस थबकतो, एवढाच त्यांचा हेतू. तरीही माझे मत स्पष्ट सांगतो. कापड दोन-चार पावसाळ्यांत कुजते. जंगल राखायचे ते गावाने मिळून केलेल्या नियमाने. त्यांचे मंतरलेले पाणी आपण घेऊ नये. एकत्र चालणे आणि पंच नेमणे जरूर घ्यावे. आपल्याला ते परकेही नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपली माणसे परिषदेतून मिरवणुकीनेच चवदार तळ्यावर गेली होती.

विहिरीच्या, बांधाच्या किंवा पाटाच्या पाण्याच्या भांडणात आपल्या वस्तीत दोन अधिक दोन अधिक एक अशी माणसे निवडता येतील काय, याचा पौर्णिमेच्या बैठकीत विचार करावा. पाचांत निदान एक बाई असावी. कोरड्या विहिरीवर घागर घेऊन तीच उभी असते.

शांततेची ही वार्ता ग्रंथाच्या पहिल्या खंडात, दुसऱ्या भागात आहे. घरी कोणीतरी मोठ्याने वाचावी, इतरांनी ऐकावी. तह झाल्याचे कळूनही सिद्धार्थ कपिलवस्तूला का परतला नाही, हे लगेच पुढच्या प्रकरणात आले आहे. ते पुढील पाठात घेऊ.