सूर उतरला म्हणून लगेच कानस नको

अगं, कानस गुलमंडीवर हिंडलीस तर मिळेलच, प्रश्न तो नाही. पेटीचा कोमल गंधार उतरलाय हे तू ठरवलंस कशावरून? मोबाइलवरचा तानपुरा लावून? मग जरा थांब.

पेटीत सप्तकाचे बारा भाग सारखे पाडलेले असतात. तानपुऱ्याच्या षड्जाशी गळा जो कोमल गंधार लावतो, त्याच्या किंचित खालीच पेटीचा बसतो. शुद्ध गंधार उलट चढा. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे ही तक्रार होती आणि मींड निघत नाही ही दुसरी. तीसेक वर्षं ती बंदी टिकली. तरी आपल्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर पेटीच वाजवत राहिले, मोठमोठ्या गवयांना साथ करत. सांगायचं काय, तर तानपुऱ्याशी पटत नाही म्हणून तू ती रीड घासून चढवलीस, की उद्या कुणी काळी चारऐवजी पांढरी दोन धरली तर तीच पट्टी दुसरा स्वर होऊन कानात खुपणार.

पेटी पेटीशीच ताडून बघायची. कपलर बंद कर. भाता बेताचाच मार, कारण जोर लावला की रीड आपसूक थोडी खाली येते, खर्जाची तर जास्तच. मग ती पट्टी आणि वरच्या सप्तकातला तिचाच स्वर एकदम दाब. आवाज सरळ आला तर पेटी झाकून ठेव आणि रियाज कर. वँव-वँव अशा लाटा आल्या तर दोघींतली एक चुकतेय. कुठली ते तिसऱ्या सप्तकातल्या स्वराशी लावून कळेल. नंतर एकेक स्टॉपर बंद करून खर्जाची रीड की नराची, तेही काढ.

आता उघड. भजनी मंडळाची पेटी ती, नाथषष्ठीला टेम्पोतून पैठणला जाऊन येते, बाकीचे दिवस सिडकोतल्या त्या तापणाऱ्या वरच्या खोलीत. आत धूळ असणारच. पितळी जिभेच्या टोकावर कचरा बसला की ती जड होते, जड झाली की हळू हलते, आणि सूर उतरतो. मऊ कोरडा ब्रश मुळाकडून टोकाकडे फिरव, कधीही उलटा नाही. नखाने जीभ उचलायची नाही. कळंक दिसला म्हणून पितांबरी लावायला जाशील, तुझा भरवसा नाही, म्हणून आधीच सांगते: नको. रीडचे स्क्रू ढिले असतील तर हलकेच आवळ. पुष्कळदा सूर एवढ्यावरच जागेवर येतो.

नाहीच आला, तर रिव्हेटपाशी बघ. भिंग घे, उजेडात धर. जीभ हजारो वेळा वाकते ती मुळाशी, तडाही तिथेच जातो. टोक बोटाने किंचित छेडून सोड: धड रीड घुमते, तडकलेली लगेच बसते. एकाएकी उतरलेला किंवा रोज थोडाथोडा उतरत चाललेला सूर असेल तर संशय आधी तड्याचाच घे. अशी रीड घासून चढवलीस तरी आठवड्यात परत खाली येते, आणि एखाद्या दिवशी ऐन भजनात तुटते.

धूळ नाही, तडा नाही, तरी उतरलेलीच, तेव्हा कुठे कानस. जिभेखाली पातळ पत्रा सरकव, म्हणजे ती दबणार नाही. बारीक कानशीने फक्त टोकाशी, लांबीच्या दिशेने दोन-तीन हलके हात. आडवे ओरखडे नकोत, पुढचा तडा त्यातूनच सुरू होतो. टोक हलकं झालं की सूर चढतो. कीस झटक, धातू गार होऊ दे, मग वाजवून बघ. तापलेली रीड खालीच बोलते. जास्त चढली तर मुळाशी तसंच किंचित घासलं की उतरते, पण त्या वाटेला दोनदा जायचं नाही, जीभ पातळ होऊन आवाज केविलवाणा होतो.

चिंटूच्या माऊथ ऑर्गनचंही शास्त्र हेच. दहा भोकं, वीस रीड्स, एक फुंकण्याची, एक ओढण्याची. फक्त तिथे खाऊन लगेच वाजवल्यावर चिकटलेलं शेव-फरसाण आधी शोधावं लागतं. शिवाय तो सूर वाकवायला फार जोर लावतो. त्याने रीड लवकर थकते. त्याला सांग, मी सांगितलं म्हणून.

तडाच निघाला तर रीड पट्टीसकट काढून दुकानात ने, सोबत शेजारचीही एक ने, म्हणजे नवीचा आवाज तिच्याशी जुळवून घेता येईल. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड्स नावाजलेल्या, त्या आहेत का विचार. दुकानदार ‘ताई, सगळा सेटच बदलून टाका’ म्हणाला तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. आधी मला फोन कर.