व्हायवानंतरची सहा वर्षं

इतिहासात पीएच.डी. मिळाली ते साल 2017. आईने पेढे वाटले, आणि जूनमध्ये मी तासिका तत्त्वावरची नेमणूक मागायला कॉलेजच्या दारात उभा राहिलो. पुढची सहा वर्षं दर जूनला तेच. तास घ्यायचा, रजिस्टरवर सही करायची, महिनाअखेरीला बिल द्यायचं आणि पैशांची वाट बघायची. मे महिन्याचे पैसे नाहीत, कारण तासच नाहीत. एका वर्षी मुलीची शाळेची फी मेव्हण्याने भरली. ते अजून बोचतं.

चूक आधीच झाली होती. जेआरएफची पाच वर्षं हातात नियमित पैसा होता. त्या काळात मी एकदाही चौकशी केली नाही की माझ्या विषयाच्या किती जागा निघतात, बिंदुनामावलीत त्या कोणत्या प्रवर्गाला आहेत. ‘प्रबंध पूर्ण करा, बाकीचं होईल,’ असं गाईड म्हणायचे. मीही तेच धरून बसलो. 2018 मध्ये यूजीसीने विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची केली, तेव्हा वाटलं, आता आपले दिवस आले. अंमलबजावणी आधी लांबली आणि 2023 मध्ये अटच गेली. किमान पात्रता पुन्हा नेट-सेट.

मला तारलं ते प्रबंधासाठी शिकलेल्या मोडी लिपीने. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसायचो. आधी ओढलेली शिरोरेघ, तिच्याखाली शब्द न तोडता धावणारी अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन ओळी लागल्या तरी पुष्कळ. ते मी केवळ प्रबंधाचं ओझं समजलो. 2023 च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची निकड भासली, तेव्हा पहिल्यांदा काम माझ्याकडे चालत आलं. आज जमिनीचे जुने कागद, इनामाच्या सनदा यांच्या लिप्यंतरावर घर चालतं. शिकवणं सुटल्याचं दुःख आहे, ते लपवत नाही.

तुमच्या विषयातही असं एखादं कसब असेल: सर्वेक्षण, अनुवाद, संपादन. ते फेलोशिप चालू असतानाच पक्कं करा. तासिकेवर किती वर्षं काढायची, तो आकडा घरच्यांसमोर आधीच ठरवा. माझ्या मते दोन पुष्कळ झाली. आणि नोंदणीआधी गाईडना विचारा, ‘सर, तुमचे आधीचे पाच विद्यार्थी आज कुठे आहेत?’ उत्तर मिळेपर्यंत फॉर्म भरू नका.