दोन झेंड्यांच्या मधलं पाणी

सिडनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला सल्ल्यांची वाण पडत नाही. टॅक्स फाइल नंबर कसा काढायचा, मेडिकेअरचा अर्ज कुठे करायचा, भाड्याचं घर ताब्यात घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा कंडिशन रिपोर्टमध्ये लिहून तो सात दिवसांत परत द्यायचा, बाँड म्हणून चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत. पॅरामॅटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल भागात कुणाकडेही चहाला गेलात की हे सगळं कळतं. पाण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आपण राहतो त्या पश्चिमेकडच्या उपनगरांपासून समुद्र गाडीने तासभर लांब. तो आपल्याला दिसतो सुट्टीच्या दिवशी, डबे भरून, पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हाच. मी लिहिते आहे ते अशा दिवसांसाठी.

माझं माहेर हर्णैचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता पाणी पूर्ण भरणार, हे आमच्या घरात पोरंसोरंही सांगत. ओहोटीला आत जायचं नाही, अनोळखी पुळणीवर आधी गावातल्या माणसाला विचारायचं, ही शिस्त लहानपणीच अंगात मुरली. पुण्या-मुंबईचे पर्यटक कोकणात बुडाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा बऱ्याचदा गावकऱ्यांनी आधी सांगितलेलंही असतं. समुद्राचं ज्ञान त्या त्या किनाऱ्याचं असतं. हर्णैचं गणित सिडनीत चालत नाही, कारण इथला मोठा धोका भरती-ओहोटीपेक्षा वेगळाच आहे.

एका नाताळच्या सुट्टीत नणंद आणि तिचा मुलगा आमच्याकडे आले होते. भाचा पुण्यात तलावावर रीतसर शिकलेला, चांगला पोहणारा. शहराच्या दक्षिणेला एका सुंदर, जवळजवळ रिकाम्या पुळणीवर आम्ही गेलो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला एक पट्टा शांत होता, म्हणून तो तिथेच उतरला. पाणी कमरेएवढं होतं. मी त्याच्या आईशी बोलत होते तेवढ्यात ‘मामी!’ अशी हाक आली. पाहिलं तर नुसतं डोकं दिसत होतं, तेही लांब. तो जीव खाऊन किनाऱ्याकडे हात मारत होता आणि दर क्षणी मागे जात होता. एका सर्फरने त्याला पाहिलं, फळीवर ओढून घेतलं आणि सरळ किनाऱ्याकडे न येता बाजूच्या फुटत्या लाटांमधून आणलं. पोरगा सुखरूप होता. नणंदेचे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते. त्या सर्फरने वाळूत उभं राहून आम्हाला तो शांत पट्टा पुन्हा दाखवला. इथे त्याला रिप म्हणतात.

लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दांड्यांमधल्या खोल खाचेतून जोराने समुद्राकडे निघतं. खाच खोल, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत आणि नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. पाणी आजूबाजूपेक्षा गडद दिसतं, वर फेस किंवा ढवळलेली वाळू बाहेरच्या दिशेने जाताना दिसते. शार्कची भीती सगळ्यांना असते, पण या देशात शार्कपेक्षा रिपमध्ये कितीतरी जास्त माणसं जातात. रिप माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतात ते तिच्याविरुद्ध झगडून दमल्यामुळे. म्हणून सापडलात तर उताणे तरंगा, एक हात वर करा, ओरडा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत तिकडे पोहा. हे मुलांना घरी, कोरड्या जमिनीवर, आधीच सांगून ठेवा.

आणि झेंडे. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधलं पाणी जीवरक्षकांच्या नजरेखाली असतं, पोहायचं तिथेच. लाल रंग म्हणजे धोका अशी आपली सवय, त्यामुळे काही पाहुणे नेमके तिथून दूर सरकतात. त्यांना गाडीतच समजावा. वाळू सरकते तसे झेंडेही दिवसभरात हलवले जातात, म्हणून सकाळची जागा दुपारी गृहीत धरू नका. न्यू साउथ वेल्समध्ये स्वयंसेवकांचा पहारा सप्टेंबरअखेरपासून एप्रिलअखेरपर्यंत, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना असतो. मोठ्या पुळणींवर इतर दिवशी कौन्सिलचे जीवरक्षक असतात. उन्हाळ्यात आठपर्यंत उजेड असतो, पण पहारा त्याच्या बराच आधी संपतो, आणि आपली कुटुंबं ऊन उतरल्यावरच पोचतात. झेंडे नसतील तर पाय भिजवायलाही आत जाऊ नका. बीचसेफच्या संकेतस्थळावर कुठे, किती वाजेपर्यंत पहारा आहे ते निघण्यापूर्वी बघता येतं.

फोटोसाठी खडकांच्या कडेवर जाणं तर त्याहून वाईट. रॉयल नॅशनल पार्कमधले फिगर एट पूल्स चित्रांत मोहक दिसतात, पण तिथे अचानक आलेल्या मोठ्या लाटेने माणसं खडकांवर घासत गेली आहेत. उद्यानाचा विभाग त्या जागेसाठी लाटांच्या धोक्याचा वेगळा अंदाज देतो, तो वाचल्याशिवाय जाऊ नये. खडक ओला असेल तर लाट तिथवर येते, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

पंजाबी ड्रेस किंवा जीन्स घालून लाटेत उभं राहणाऱ्या आपल्या बायका पाहिल्या की माझा जीव वरखाली होतो. भिजलेला कपडा अंगाला गुंडाळतो, उठू देत नाही. पोहण्याच्या पोशाखाचा संकोच असेल तर पूर्ण बाह्यांचा रॅश व्हेस्ट आणि लांब विजार घाला, इथे कुणी वळूनही बघत नाही. उन्हापासून बचाव होतो तो वेगळाच. सावळ्या कातडीला इथलं ऊन लागत नाही हा समज दोन तासांत उतरतो. लाटांबरोबर येणारी ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा निळा जीव, डसली तर समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू काढा आणि सोसेल इतकं गरम पाणी वीस मिनिटं घ्या. व्हिनेगर नको.

शाळेतून पोहण्याच्या दहा दिवसांच्या वर्गाची चिठ्ठी आली की खर्चाचा किंवा सर्दीचा विचार न करता सही करा. सरकारी प्राथमिक शाळांतली ही सोय मोलाची आहे. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सर्फ क्लबचे निपर्स नावाचे वर्ग असतात, तिथे ती लाटा वाचायला शिकतात. आणि आई-बाबांनीही शिकावं. कौन्सिलच्या तलावांवर मोठ्यांचे वर्ग असतात. मी चाळिशीनंतर शिकले, वर्गात माझ्याहून मोठ्या आज्या होत्या. लाटांची भीती असेल तर ब्राँटी किंवा मरूब्राच्या खडकातल्या तलावांत सुरुवात करा. समुद्राचंच पाणी, पण बांधलेलं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. संकटात 000 फिरवायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण या राज्यात रुग्णवाहिकेचं बिल मेडिकेअर भरत नाही. खासगी विम्यात ते कलम आहे का ते आजच पाहा, नसेल तर फक्त रुग्णवाहिकेचा विमा वेगळा मिळतो. भारतातून येणाऱ्यांच्या प्रवास विम्याचे कागदही तिकीट काढतानाच वाचा. आणि काही झालंच, तर बिलाचा विचार करत फोन हातात धरून बसू नका.