घटक ५ : ब्रिटिश गुन्हेगारी चित्रपटांची भाषा – बोली, वर्ग आणि सत्ता

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• ब्रिटिश गुन्हेगारी चित्रपट व मालिका यांच्या वाटचालीतील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• प्रमाण उच्चार, सामाजिक बोली आणि गुप्तभाषा यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• पात्राच्या बोलण्यातून त्याचे वर्गीय स्थान आणि सत्तासंबंध कसे व्यक्त होतात, हे विशद करता येईल.
• बोली आणि गुन्हेगारी यांची सांगड घालणाऱ्या पूर्वग्रहाची चिकित्सा करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रादेशिक बोली आणि सामाजिक बोली या संकल्पनांचा परिचय करून घेतला. बोलीवरून माणसाचा दर्जा ठरवण्याची सवय किती खोलवर रुजलेली असते, हे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाने दाखवून दिले. पु. ल. देशपांडे यांनी केलेल्या ‘ती फुलराणी’ या त्याच्या रूपांतरामुळे मराठी रसिकांना तो प्रश्न चांगलाच ठाऊक आहे. शॉ यांची फुलवाली एलायझा लंडनच्या पूर्व भागातील श्रमिकांची ‘कॉकनी’ बोली बोलते. ती बोली सोडल्याशिवाय तिला प्रतिष्ठित समाजाचे दार उघडत नाही.

हीच कॉकनी बोली ब्रिटिश पडद्यावर अनेकदा गुन्हेगाराच्या तोंडी येते. हा निव्वळ योगायोग आहे का? पडदा समाजातील वास्तव दाखवतो, की समाजाचा पूर्वग्रहच पुन्हा समाजाच्या हाती देतो? या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत घटकात काही निवडक चित्रपट व मालिकांच्या भाषेचा विचार केला आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ पार्श्वभूमी

ग्रॅहम ग्रीन यांच्या १९३८ मधील कादंबरीवर आधारित ‘ब्रायटन रॉक’ (१९४७) हा या परंपरेतील आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट होय. त्यातील पिंकी या कोवळ्या वयाच्या, थंड रक्ताच्या टोळीप्रमुखाची भूमिका रिचर्ड ॲटनबरो यांनी केली. पुढे ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शन करणारे ॲटनबरो ते हेच.

त्यानंतरच्या काळात लंडनच्या ईस्ट एंड भागातील रॉनी आणि रेजी क्रे या जुळ्या भावांनी वास्तवातच टोळीराज्य उभे केले. नाइटक्लब, नटनट्या आणि उच्चभ्रूंची ऊठबस यांमुळे त्यांना वलय प्राप्त झाले. १९६९ मध्ये दोघांनाही खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. एकीकडे निर्घृण हिंसा आणि दुसरीकडे प्रतिष्ठेची हाव, हा त्यांच्यातील विरोधाभास पुढील चित्रपटांतील गुंडाच्या प्रतिमेत वारंवार दिसतो. ‘द क्रेज’ (१९९०) आणि ‘लेजंड’ (२०१५) हे चित्रपट तर थेट त्यांच्याच जीवनावर बेतलेले आहेत.

५.३.२ गुप्तभाषा : यमकाची लपवाछपवी

एखादा गट बाहेरच्यांना कळू नये म्हणून जी भाषा घडवतो, तिला गुप्तभाषा म्हणतात. मुलांची ‘च’ची भाषा हे तिचे आपल्या परिचयाचे साधे रूप. कॉकनीतील ‘यमकी स्लँग’ हा याच जातीचा, परंतु अधिक गुंतागुंतीचा प्रकार आहे. जॉन कॅम्डन हॉटन यांच्या १८५९ मधील स्लँगकोशात तिची नोंद आढळते. ती केवळ गुन्हेगारांची भाषा नव्हती. रस्त्यावरचे विक्रेते आणि फेरीवालेही ती वापरत.

तिची घडण दोन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीत मूळ शब्दाशी यमक जुळणारा शब्दसमूह घेतला जातो. ‘स्टेअर्स’ म्हणजे जिना; त्यासाठी ‘ॲपल्स अँड पेअर्स’. दुसऱ्या पायरीत नेमका यमक जुळणारा शब्दच गाळला जातो आणि ‘ॲपल्स’ एवढेच उरते. अर्थाकडे नेणारा दुवाच काढून घेतल्यामुळे परक्याला ‘सफरचंदे’ ऐकू येतात, जिना मात्र सापडत नाही.

याचे रोचक उदाहरण म्हणजे ‘द स्वीनी’ (१९७५–१९७८) ही पोलीस मालिका. लंडन पोलिसांच्या ‘फ्लाइंग स्क्वॉड’ या पथकासाठी ‘स्वीनी टॉड’ या दंतकथेतील खुनी न्हाव्याचे नाव योजले गेले. ‘स्क्वॉड’शी ‘टॉड’ जुळते. मग ‘टॉड’ गळून ‘स्वीनी’ राहते. पोलिसांवरील मालिकेला असे गल्लीतले नाव मिळाले, यातून पाठलाग करणारे आणि पळणारे यांचे भाषिक विश्व किती जवळचे होते, ते ध्यानात येते.

गाय रिची यांच्या ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ (१९९८) मध्ये दारूच्या गुत्त्यातील एक हकिकत दाट यमकी स्लँगमध्ये सांगितली जाते आणि खाली उपशीर्षके झळकतात. इंग्रजी चित्रपटात इंग्रजीलाच उपशीर्षके! पूर्वी लपवण्यासाठी असलेली भाषा येथे प्रदर्शनाची वस्तू बनली आहे.

५.३.३ ‘गेट कार्टर’ : आपल्या गावी परका

माइक हॉजेस दिग्दर्शित ‘गेट कार्टर’ (१९७१) मध्ये लंडनच्या टोळीसाठी काम करणारा जॅक कार्टर भावाच्या मृत्यूमागील सत्य शोधण्यासाठी उत्तरेकडील न्यूकॅसलला परततो. हे त्याचे स्वतःचे गाव. तेथील ‘जॉर्डी’ बोली इंग्लंडमध्ये चटकन ओळखू येते. तथापि कार्टर झालेले मायकेल केन हे लंडनच्या श्रमिक वस्तीतले. त्यांनी चित्रपटभर आपला लंडनी उच्चारच ठेवला.

वास्तवाच्या निकषावर ही त्रुटी ठरेल. परिणामाच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र पालटते. कार्टर स्थानिक गुत्त्यात शिरतो आणि बिअर पातळ काचेच्या पेल्यात मागतो. तेवढ्यावरून तो इथला राहिलेला नाही, हे प्रेक्षकास उमगते. जे गाव त्याने सोडले, त्याची बोलीही त्याच्या जिभेवर नाही. तो सूड घेऊ शकतो, पण परत येऊ शकत नाही. बोलीचा अभावही अर्थ निर्माण करतो, हे येथे लक्षात ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) यमकी स्लँगच्या घडणीतील दुसरी पायरी कोणती?
आ) ‘द स्वीनी’ हे नाव कोणत्या पथकास उद्देशून आहे?

५.३.४ ‘द लाँग गुड फ्रायडे’ : एका आवाजाचा हक्क

जॉन मॅकेन्झी दिग्दर्शित आणि बॅरी कीफ लिखित हा चित्रपट १९७९ मध्ये चित्रित झाला. त्या वर्षी मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. पूर्व लंडनमधील गोद्या ओस पडत होत्या आणि त्या जमिनीवर नवे बांधकाम उभारण्याची स्वप्ने रंगत होती. चित्रपटातील टोळीप्रमुख हॅरॉल्ड शँड याला हीच जमीन हवी आहे. त्यासाठी तो अमेरिकी माफियांना भागीदारीचे आमंत्रण देतो.

टेम्स नदीवरील नौकेत, टॉवर ब्रिजच्या पार्श्वभूमीवर, हॅरॉल्ड पाहुण्यांसमोर भाषण करतो. इतिहास, प्रगती, युरोप हे शब्द उद्योगपतीचे असतात. उच्चार मात्र ईस्ट एंडचा. शब्दसंग्रह वरच्या वर्गाचा आणि ध्वनी खालच्या वर्गाचा, या विसंगतीत त्याची महत्त्वाकांक्षा आणि तिची मर्यादा दोन्ही ऐकू येतात. हेलन मिरेन यांनी साकारलेली त्याची जोडीदार व्हिक्टोरिया सुशिक्षित, प्रमाण उच्चारात बोलते. पाहुण्यांना सांभाळून घेण्याची वेळ येते तेव्हा तिचे हे बोलणे हॅरॉल्डच्या कामी येते. पुढे संकट ओढवते, तेव्हा हॅरॉल्डच्या तोंडचे व्यापारी शब्द गळून पडतात आणि प्रतिस्पर्ध्यांना कत्तलखान्यात मांसाच्या आकड्यांवर उलटे टांगून तो त्यांची चौकशी करतो. प्रसंगानुसार भाषेचे रूप पालटणे, यास आपण ‘भाषिक शैलीबदल’ म्हणतो.

या चित्रपटाबाबत पडद्याबाहेर घडलेली एक घटना भाषाभ्यासकास विशेष मोलाची आहे. अमेरिकी प्रेक्षकांना समजावे म्हणून हॅरॉल्डची भूमिका करणारे बॉब हॉस्किन्स यांचा आवाज काढून त्या जागी दुसऱ्या नटाचा आवाज घालण्याचे ठरले होते. हॉस्किन्स यांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला आणि त्यांचा आवाज कायम राहिला. या भूमिकेचे सारे नाट्य उच्चार आणि महत्त्वाकांक्षा यांच्या संघर्षात आहे. तो उच्चारच पुसला गेला असता, तर पात्राचे नाव उरले असते, पण त्याचा वर्ग हरवला असता.

अखेरच्या दृश्यात मोटारीत कोंडला गेलेला हॅरॉल्ड एक शब्दही बोलत नाही. कॅमेरा दीर्घकाळ त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. बोलण्यावर साम्राज्य उभारणाऱ्या माणसाचा पराभव मौनातून व्यक्त होतो.

५.३.५ ‘सेक्सी बीस्ट’ : नकार न ऐकणारा माणूस

जोनाथन ग्लेझर यांच्या ‘सेक्सी बीस्ट’ (२०००) मध्ये स्पेनमध्ये निवृत्त जीवन जगणाऱ्या गॅलकडे डॉन लोगन येतो. लंडनमधील एका दरोड्यात त्याने सामील व्हावे, एवढीच त्याची मागणी. गॅल अडखळत, सौजन्याने नकार देतो. डॉन तो नकार म्हणून स्वीकारतच नाही.

भाषाविज्ञानात नकार देणे, वचन देणे, आज्ञा करणे यांना ‘भाषिक कृती’ म्हणतात. अशी कृती सफल होण्यासाठी ऐकणाऱ्याने ती मान्य करावी लागते. डॉन तेच तेच शब्द पुनःपुन्हा आदळून गॅलची कृती निष्फळ करतो. शस्त्र न उगारता केवळ संभाषणाचे नियम मोडून दहशत कशी निर्माण होते, याचा हा वस्तुपाठ आहे. डॉनची भूमिका बेन किंग्जले यांनी केली. ॲटनबरो यांच्या चित्रपटात महात्मा गांधी साकारणारे तेच हे नट.

५.३.६ बर्मिंगहॅम आणि नवे लंडन

स्टीव्हन नाइट निर्मित ‘पीकी ब्लाइंडर्स’ (२०१३–२०२२) या बीबीसी मालिकेने पडदा लंडनबाहेर नेला. तिचे कथानक १९१९ पासून सुरू होते. प्रत्यक्षातील पीकी ब्लाइंडर्स ही टोळी मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. ब्रिटनमधील उच्चारविषयक पाहण्यांत बर्मिंगहॅमच्या ‘ब्रमी’ उच्चाराला वारंवार तळाचे स्थान मिळाले आहे. तो उच्चार नायकाच्या तोंडी घालून या मालिकेने त्याला रुबाब मिळवून दिला, ही तिची भाषिक कामगिरी म्हणावी लागेल. मात्र हा रुबाबही टोळीवाल्याचाच आहे, हे विसरता कामा नये.

‘टॉप बॉय’ (आरंभ २०११) मधील पूर्व लंडनच्या तरुणांची बोली कॉकनी राहिलेली नाही. कॅरिबियन, आफ्रिकी आणि आशियाई कुटुंबांतील मुले एकत्र वाढताना जी नवी बोली घडली, तिला अभ्यासक ‘बहुसांस्कृतिक लंडन इंग्रजी’ म्हणतात. बोली बदलली, वस्ती तीच राहिली आणि पडद्यावरील संशयही तोच राहिला.

५.३.७ बोली आणि संशय

पडद्यावरील ही सांगड प्रत्यक्ष जीवनात किती महागात पडू शकते? जॉन डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना पोलीस व संशयित यांचे ध्वनिमुद्रित संभाषण ऐकवले. संशयित बर्मिंगहॅमच्या उच्चारात बोलला, तेव्हा प्रमाण उच्चाराच्या तुलनेत श्रोत्यांना तो अधिक दोषी वाटला.

याचा अर्थ असा, की बोली ऐकताक्षणीच काही अंशी निवाडा होऊन जातो. त्याचा दोष एकट्या चित्रपटांवर टाकता येणार नाही. परंतु एकच बोली सतत एकाच प्रकारच्या पात्राला मिळत गेली, तर प्रेक्षकाच्या कानाला तसे वळण लागण्याची शक्यता नाकारता येत नाही. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ‘असे बोलू नये’ हे कधी ना कधी ऐकावे लागले असेल. बोली अशुद्ध नसते. तिच्याविषयीचा निवाडा समाजाचा असतो, आणि म्हणूनच तो तपासून पाहता येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) हॅरॉल्डच्या नौकेवरील भाषणात कोणती भाषिक विसंगती आढळते?
आ) डॉन गॅलची कोणती भाषिक कृती निष्फळ करतो?

५.४ सारांश

ब्रिटिश गुन्हेगारी चित्रपटांत बोली हे पात्रचित्रणाचे प्रमुख साधन आहे. यमकी स्लँग गटाची सीमा आखते. कार्टरचा लंडनी उच्चार त्याचे परकेपण सूचित करतो. हॅरॉल्डचे बोलणे वर्गीय महत्त्वाकांक्षेची मर्यादा दाखवते. डॉनचे संभाषण भाषेचेच हत्यार करते. त्याच वेळी विशिष्ट बोलीला वारंवार गुन्हेगाराशी जोडल्याने पूर्वग्रह बळावू शकतो. म्हणून पात्र काय बोलते याबरोबरच ते कोणत्या बोलीत बोलते आणि ती बोली त्याच पात्राला का दिली गेली, हेही विचारले पाहिजे.

५.५ पारिभाषिक शब्द

प्रमाण उच्चार : शिक्षण, प्रशासन इत्यादी क्षेत्रांत प्रतिष्ठा पावलेला उच्चार.
सामाजिक बोली : विशिष्ट सामाजिक स्तराशी निगडित भाषारूप.
गुप्तभाषा : गटाबाहेरील व्यक्तींना कळू नये म्हणून घडवलेली भाषा.
भाषिक कृती : बोलण्याद्वारे पार पाडलेली कृती, उदा. नकार, वचन, आज्ञा.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) यमक जुळणारा शब्द गाळणे. आ) लंडन पोलिसांचे फ्लाइंग स्क्वॉड.
प्रश्न २ : अ) शब्दसंग्रह उद्योगपतीचा, उच्चार ईस्ट एंडचा. आ) नकार.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘बोलीचा अभावही अर्थ निर्माण करतो’ हे विधान ‘गेट कार्टर’च्या आधारे स्पष्ट करा.
२) हॉस्किन्स यांचा आवाज बदलला गेला असता, तर ‘द लाँग गुड फ्रायडे’च्या आशयात कोणता फरक पडला असता, याची चर्चा करा.
३) उपक्रम : आपण पाहिलेल्या एखाद्या मराठी चित्रपटातील वा मालिकेतील पाच पात्रांची बोली, व्यवसाय आणि कथानकातील स्थान यांची नोंद करा. प्रमाण मराठी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याविषयी १५० शब्दांत निष्कर्ष लिहा.