पेरॉक्सिसोम व आनुवंशिक रोग : दोष कोणाचा ?

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातलें असतां फेंस येतो, हें पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. कच्च्या बटाट्याच्या कापावर तें घातलें तरीहि तसाच फेंस येतो. याचें कारण असें कीं, सजीवांच्या शरीरांत कॅटलेज नांवाचें विकर असतें, व तें पेरॉक्साइडाचें पृथक्करण करून पाणी व प्राणवायु निराळे करतें. पेशींमध्यें हें विकर मुख्यत्वें ज्या सूक्ष्म कोशांत असतें, त्यांस पेरॉक्सिसोम म्हणतात. हे कोश घडविणारें एक जनुक बिघडलें असतां काय होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. विषय वैद्यकाचा खरा. परंतु आपल्या घरांत चालत आलेला एक जुना अन्याय त्यांत गुंतलेला आहे.

स्वीडनमधील ऱ्होडिन यांनीं १९५४ मध्यें उंदराच्या मूत्रपिंडांत हे कोश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें प्रथम पाहिले. पुढें बेल्जमचे क्रिस्तिआं द ड्यूव यांनीं त्यांचें कार्य उलगडून त्यांस हें नांव दिलें. पेशींच्या अंतर्रचनेच्या शोधांबद्दल ड्यूव यांस १९७४ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. अतिदीर्घ साखळीचीं मेदाम्लें तोडणें आणि मज्जातंतूंच्या आवरणास लागणारे स्निग्ध पदार्थ घडविण्यास हातभार लावणें, हीं या कोशांचीं कामें होत.

कोशास लागणारीं विकरें त्याच्या बाहेर तयार होतात व मग आंत पोंचविलीं जातात. हमालानें माल वखारींत नेऊन ठेवावा, तसें हें काम पेक्स-५ नांवाचें प्रथिन करतें. परंतु हमाल पुन्हा बाहेर आलाच नाहीं, तर पुढील माल कोण नेणार ? त्यास बाहेर ओढून काढणारें यंत्र पेक्स-१ व पेक्स-६ या प्रथिनांचें बनलेलें असतें. पेक्स-१ चें जनुक सातव्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९७ मध्यें लागला. तें बिघडलें कीं विकरें बाहेरच पडून राहतात व कोश रिकामे राहतात.

यांतून उद्भवणाऱ्या रोगाच्या तीव्र प्रकाराचें वर्णन १९६४ मध्यें झाले, व झेलवेगर या डॉक्टरांचें नांव त्यास मिळालें. अशा रुग्णांच्या यकृतांत व मूत्रपिंडांत पेरॉक्सिसोम दिसत नाहींत, हें १९७३ मध्यें गोल्डफिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. असें मूल जन्मतःच लुळें असतें, त्यास दूध ओढतां येत नाहीं, झटके येतात, आणि बहुधा तें वर्षाच्या आंतच दगावतें. सौम्य प्रकारांत रोगी मोठा होतो, पण दृष्टि व श्रवण क्षीण होत जातात. समूळ उपाय अद्याप नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत सदोष असेल तर माणूस निरोगी राहतो. त्यास वाहक म्हणतात. दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक गर्भास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. मागील मूल निरोगी निघालें म्हणून पुढील मुलाची शक्यता वाढत नाहीं, कीं घटतहि नाहीं.

जवळच्या नात्यांत विवाह झाला असतां हें गणित बदलतें. आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील इरावती कर्वे यांनीं भारतांतील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील मामेबहिणीशीं विवाह करण्याच्या चालीची चर्चा केली आहे. वाहक मुलाच्या मामेबहिणींत तीच सदोष प्रत असण्याची शक्यता आठांत एक असते. परक्या घराण्यांतील मुलगी या रोगाची वाहक असण्याची शक्यता, अमेरिकेंतील अंदाजावरून पाहतां, शेंकडा एकाहूनहि कमी ठरते. तरीहि नात्यांतील बहुतेक मुलें निरोगीच होतात, आणि परक्या घरांत विवाह झाला म्हणजे भय नाहींसें होतें असेंहि नाहीं.

असें मूल दगावलें म्हणजे आपल्याकडे काय होतें ? सून पांढऱ्या पायाची ठरते, तिच्या कुशीस नांवें ठेविलीं जातात, कधीं दुसऱ्या विवाहाची भाषा निघते. परंतु एक सदोष प्रत बापाकडून आल्यावांचून हा रोग होतच नाहीं. ती प्रत त्यासहि त्याच्या पूर्वजांकडून न मागतां मिळालेली असते. तेव्हां अपराधी आईहि नव्हे व बापहि नव्हे.

दोष देण्याऐवजीं करण्याजोगें पुष्कळ आहे. रक्तांतील अतिदीर्घ मेदाम्लें मोजून व जनुकाची तपासणी करून रोगाचें निदान करतां येतें. कुटुंबांतील सदोष प्रती एकदां ओळखल्या, म्हणजे पुढील गर्भाची परीक्षाहि शक्य होते. दुर्मिळ रोगांविषयींच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणांत मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय विशेष केंद्र म्हणून नेमलें आहे. आज शाळेंत बसलेले आमचे वाचक उद्यां दीर, नणंद, सासूसासरे होतील. अशा दुःखाच्या प्रसंगीं त्यांनीं घरच्या सुनेच्या बाजूस उभें राहून हें चारांत एकाचें गणित समजावून सांगितलें, तर विज्ञानाचा हा धडा खरोखर कारणीं लागला असें आम्ही समजूं.