मनुष्यवस्तींत आलेला वनचर

धामणकर नाक्यावर दिवसाच्या कोणत्याही प्रहरीं उभें राहिलें तरी दृष्टीस काय पडतें? मालमोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि बाजारास निघालेलीं माणसें. अशा ठिकाणीं रानांतला एखादा पशु येऊन उभा राहील असें कोणास स्वप्नांतही वाटणार नाहीं. तथापि जिल्ह्याचा नकाशा पुढें घेऊन पाहिला, तर ही गोष्ट वाटते तितकी अशक्य नाहीं. २००३ सालीं घोषित झालेलें तुंगारेश्वर अभयारण्य वसई व भिवंडी या दोन तालुक्यांत पसरलेलें आहे. दक्षिणेस खाडी व तिच्या कांठचीं तिवरांचीं बनें आहेत. आणि खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. २०१९ च्या फेब्रुवारींत शेजारच्या ठाणें शहरीं भरवस्तींतील एका मोठ्या दुकानसंकुलांत बिबट्या शिरला होता. २०२२ च्या नोव्हेंबरांत कल्याण येथें एका इमारतींत तसेंच घडलें. म्हणून असा पशु दिसला असतां काय करावें, याचा विचार विद्यार्थ्यांनीं आधींच करून ठेवणें बरें.

पशु वस्तींत कां येतात? पहिलें कारण अन्न. मनुष्य हें बिबट्याचें नेहमीचें भक्ष्य नव्हे. कुत्रीं व डुकरें त्यास वस्तीजवळ आयतीं मिळतात, आणि तीं पोसलीं जातात उकिरड्यावर. उंदरांच्या मागें साप येतो, तोही उकिरड्याकडेच. म्हणजे ज्या गल्लींत कचरा सांठतो, तेथें आपणच नकळत या पाहुण्यांस आमंत्रण देत असतों. दुसरें कारण वाट. वयांत आलेल्या नर बिबट्यास आईचा प्रदेश सोडून स्वतःचा प्रदेश शोधावा लागतो. त्याच्या वाटेंत आज रस्ते, गोदामें व इमारती उभ्या आहेत.

तथापि पशु वस्तीजवळून गेला म्हणजे तो उपद्रव करतोच असें नाहीं. २००९ सालीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत विहिरींत पडलेल्या एका बिबट्याची सुटका करण्यांत आली. संशोधिका विद्या अत्रेय यांनीं वनखात्याच्या साह्यानें त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला, व त्यास माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. त्याचें नांव पडलें ‘आजोबा’. हा आजोबा महिन्याच्या आंत सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोंचला! वाटेंत त्यानें आग्रा रस्ता ओलांडला, कसाऱ्याजवळील लोहमार्ग मागें टाकला व खाडी पोहून पार केली. या साऱ्या प्रवासांत त्यानें एकाही मनुष्यास इजा केली नाहीं. पुढें २०११ सालीं महामार्गावर वाहनाच्या धडकेनें त्याचा अंत झाला.

मग अनर्थ कशानें होतो? पुण्यांतील दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहावे. ९ डिसेंबर २०२० रोजीं सकाळीं कोथरुड भागांत एक रानगवा आला. पाहतां पाहतां शेंकडों लोक जमले. कोणी आरडाओरडा करीत, कोणी चित्रें घेत त्याच्यामागें धांवूं लागले. भेदरलेला तो प्राणी कित्येक तास रस्त्यांतून पळत राहिला, भिंतींवर आपटून जखमी झाला, आणि शेवटीं पकडला गेल्यावर त्याच दिवशीं मरण पावला. तेराच दिवसांनीं, २२ डिसेंबर रोजीं, बावधन येथें दुसरा गवा दिसला. या वेळीं लोकांस दूर ठेवण्यांत आलें व गव्यास वाट मोकळी ठेवली. तो सुखरूप रानांत परतला. शहर तेंच, महिना तोच, प्राणीही त्याच जातीचा. भेद होता तो केवळ माणसांच्या वर्तनांत.

यावरून घ्यावयाचा बोध असा. पशु दिसल्यास गर्दी करूं नये, दगड मारूं नयेत, व त्याच्या पळण्याची वाट अडवूं नये. कोंडला गेलेला पशु भीतीपोटीं अंगावर येतो. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर किंवा पोलिसांस ११२ वर तत्काळ कळवावें. तो एखाद्या खोलींत शिरला असेल, तर दार बाहेरून लावून दूर व्हावें. बिबट्या समोर आलाच, तर पाठ फिरवून पळूं नये व खालीं वांकूं नये. लहान मुलास उचलून घेऊन ताठ उभें राहावें आणि हळूहळू मागें सरावें. तसेंच दुसऱ्या गांवचें जुनें चित्र आपल्या नाक्याचें म्हणून मोबाईलवरून पसरवूं नये. अफवेनें जमलेली गर्दीही तितकीच घातक.

पालकांसही एक विनंति आहे. पशु दिसतांच “यास पकडून दूर नेऊन सोडा,” अशी मागणी होते. जुन्नर भागांत हा उपाय करून पाहण्यांत आला होता. तेथें १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. पकडलेले बिबटे दुसऱ्या रानांत सोडूं लागल्यानंतर, २००१ ते २००३ या काळांत, ती सरासरी १७ वर गेली. परक्या मुलुखांत सोडलेला पशु बिथरतो. त्यापेक्षां अंगणांत दिवा ठेवणें, कचरा वेळच्या वेळीं उचलविणें, मुलांस अंधारांत एकटें बाहेर न सोडणें, हे उपाय साधे असून अधिक गुणकारी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बिबट्या, गवा इत्यादि प्राण्यांची शिकार करणें हा गुन्हा ठरविला आहे, हेंही ध्यानांत असावें.

ज्या परमेश्वरानें मनुष्यास निर्माण केलें, त्यानेंच रानांतील जीवही निर्माण केले. वाट चुकलेल्या मनुष्यास आपण वाट दाखवितों. वाट चुकलेल्या पशूसाठीं ती मोकळी सोडली तरी पुरे.