नफील रोजा आणि आपली मुलं

पेडणे-डिचोलीतल्या अम्मी-अब्बांनो,

ईदचा शिरखुर्मा संपतो न संपतो तोच घराघरांत विचारणा सुरू होते, "शव्वालचे सहा रोजे कधीपासून धरायचे?" मोठ्यांनी एकमेकांना खुशाल विचारावं. पण हल्ली हाच प्रश्न शाळकरी पोरांनाही केला जातो आणि मामेभावाचे किती झाले, तेही लगोलग ऐकवलं जातं. म्हणून हे चार शब्द.

रमजानचे रोजे फर्ज, शव्वालचे नफील. सहीह मुस्लिममध्ये अबू अय्यूब अन्सारींची हदीस आहे : रमजानपाठोपाठ हे सहा धरणाऱ्याने जणू कायमचेच रोजे धरले. एका नेकीचा सवाब दहापट, या हिशेबाने 36 चे 360 होतात. फजिलत मोठीच आहे. तरीही मदिनेच्या इमाम मालिकना हे सहा रोजे पसंत नव्हते. अजाण लोक नफीलला रमजानचाच भाग समजू लागतील, ही त्यांची धास्ती 'मुवत्ता'मध्ये नोंदलेली आहे. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांनी हे रोजे उचलून धरले, आपणही धरतो. पण मालिकसाहेबांची धास्ती मला आपल्याच घरांकडे बघून वाटलेली दिसते! जे अल्लाहने ऐच्छिक ठेवलं, ते आपण पोरांवर फर्ज करायला निघालो आहोत. मूल बालिग होईपर्यंत तर रमजानचाही रोजा त्याच्यावर फर्ज नसतो.

शिवाय आपल्याकडचा एप्रिल आठवा. 2025 साली ईद 31 मार्चला झाली आणि गोव्यात सहावीपासून वरचे बहुतेक वर्ग एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाले. घामाच्या धारा, पाठीवर दप्तर आणि साडेतेरा तास पाण्याचा थेंब नाही. ज्याला मनापासून धरायचा आहे, त्याच्यासाठी शरियतनेच सोय ठेवली आहे : ईदचा दिवस वगळून महिनाभरात कधीही धरा, सलग नाही तर सुटे सुटे. सुट्टीचे दिवस निवडा. मधेच झेपेनासं झालं तर सोडू द्या. खुद्द पैगंबरांनी (स.) नफील रोजा दिवसा सोडून खाल्ल्याचं हजरत आयशा सांगतात.

मुलींबद्दल थोडं वेगळं. पाळीमुळे रमजानचे रोजे सुटतात, त्यांची कजा बाकी असते. "तुझे सहा झाले का?" असं चारचौघांत, भावांसमोर विचारलं की ती पोर काय उत्तर देणार? आधी कजा की आधी शव्वाल, यावर उलेमांत मतं वेगळी आहेत. ते अम्मीने आपल्या मौलानांना विचारून घ्यावं आणि लेकीला एकटीला सांगावं.

आणि अब्बा, सहा रोजे तुमचे, पण पहाटे चारला उठून सहेरीची भाकरी कोण थापतं? या शव्वालमध्ये एक दिवस तरी तुम्ही उठा. पोराने "मीपण धरतो" म्हटलं तर त्याच्या शेजारी बसा. "नको" म्हणाला तर सकाळी त्याचा नाश्ता वाढा, तोंड वाकडं न करता.